दस्ता मूळचा की मागाहूनचा?

जुन्या बंदुकीची किंमत करावयास मनुष्य बसला, की तो पहिल्याने नळी पाहतो, मग घोडा ओढून पाहतो, मग पाटीवरचे नाव वाचतो, आणि लाकडाकडे वळतो तो सर्वांत शेवटी. तेही ते चकाकते आहे की नाही एवढ्यापुरतेच. चकाकत असेल तर 'बंदूक चांगली ठेवली आहे' म्हणतो. काळवंडलेले असेल, कोठे टवका उडालेला असेल, पितळी पट्टी ठोकलेली असेल, तर तोंड वाकडे करतो. आपल्या माळव्यातील जुन्या मराठी घरांतून हा प्रकार मी अलीकडे वारंवार पाहतो आहे, आणि त्या चकाकीच्या लोभाने जे लाकूड गेले ते परत येणारे नाही, म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहे.

गाणे शिकवणाऱ्याने बंदुकीवर लिहावे याचे कोणास नवल वाटेल. माझे वडील संस्थान विलीन होण्यापूर्वी अवघी दोन वर्षे दरबारच्या गाणाऱ्यांत नोंदले गेले होते; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार गेला, तंबोरे राहिले. तंबोऱ्याची तबली मूळची आहे की मागाहून बसवलेली, दांडीचा सांधा कधी उकलला होता काय, रोगण पहिल्या हातचे की दुसऱ्या, हे डोळ्यांपेक्षा बोटांनी ओळखण्याची सवय त्यांनी मला लावली. लाकूड म्हणजे लाकूडच. ते तंबोऱ्याचे असो वा बंदुकीचे, त्याला तासणारा हात त्यावर खूण ठेवूनच जातो.

आता या विषयाला आजच निकड का आली, ते सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली एका परवानेदारास पूर्वी तीनपर्यंत बंदुका ठेवता येत असत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने तो आकडा दोनवर आला. आणि वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही त्या दोहोंतच मोजल्या जातात. परिणाम असा, की वडील गेले आणि त्यांच्या दोन बंदुका मुलाकडे आल्या, त्याची स्वतःची एक आधीच आहे, तर एकीला घराबाहेर जावेच लागते. कोणती जावी? हा प्रश्न घरोघरी एकाच तऱ्हेने सुटतो. दिसावयास चांगली ती राहते, जुनीपुराणी ती जमा होते. जमा झालेल्या बंदुकीचे पुढे काय होते, हे बहुतेक घरांतून कोणी विचारीतही नाही.

भैरवगढातील एका घरी गेल्या वर्षी हाच प्रसंग आला. भैरवगढ हे उज्जैनचे उत्तरेकडचे अंग; शिप्रेचा काठ, काळभैरवाचे देऊळ, पलीकडे सिद्धवट, छिप्यांच्या कापड छापण्याच्या जागा आणि तुरुंगाची मोठी भिंत, एवढे सांगितले म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे ते उभे राहील. काळभैरवाला शिंद्यांची पगडी चढते. पानिपतानंतर महादजींनी देवापुढे पगडी ठेवून साकडे घातले अशी त्यामागची कथा सांगतात. ज्या घराविषयी लिहितो आहे, ते त्याच शिंदेशाहीच्या आधाराने इकडे आलेले. घरातील मुलगी माझ्याकडे शिकते. तिचे आजोबा वारले, आणि वडिलांपुढे तीन बंदुका आल्या: आजोबांची एक टोपीची लांब बंदूक, जिला घरात सरसकट 'रायफल' म्हणतात; त्यांचीच एक साधी एकनळी; आणि वडिलांनी स्वतः काही वर्षांपूर्वी, लंडनचे नाव वाचून, बरीच रक्कम मोजून घेतलेली दुनळी. जायची ती 'रायफल', हे ठरल्यासारखेच होते. तिच्या दस्त्याला मुठीपाशी तडा, त्यावर पितळेची ओबडधोबड पट्टी, आणि एकंदर रंग जळक्या तव्यासारखा. घरच्या वृद्ध मातोश्रींना मात्र ते रुचत नव्हते.

महूच्या छावणीत आर्मररचे काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. सगळे त्यांना हवालदारसाहेबच म्हणतात. त्यांना मी भैरवगढास नेले. तेथे जे पाहिले ते क्रमाने देतो, कारण ज्या घरांतून अशी बंदूक आहे त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

दस्ता, कळ, नाव, काही न पाहता त्यांनी आधी मागितला तो गज. तो नळीत सोडला, तोंडापाशी अंगठा धरून खूण केली, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. गज बुडापर्यंत पोचतो आहे, मधे काही अडलेले नाही, याची खात्री झाल्यावरच त्यांनी बंदूक आडवी घेतली. तोंडातून भरायच्या बंदुकीत आजोबा-पणजोबांनी ठासलेला बार तसाच राहून गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि दारू शंभर वर्षांनीही पेटते. ज्याला हे करता येत नसेल त्याने पुढचे काहीही करू नये, जाणत्याला बोलवावे.

मग दिवा मागवून त्यांनी नळीत पाहिले आणि हसून म्हणाले, "रायफल कसली, गुळगुळीत आहे!" ते खरेच होते, आणि त्याला इतिहास आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड ही खरी पेचदार नळीची रायफल. तिच्याच काडतुसांवरून १८५७ चा भडका उडाला हे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्यानंतर इंग्रजांनी हिंदी शिपायांच्या हाती त्याच घडणीची, त्याच लांबीची, परंतु नळीतले पेच काढून टाकलेली बंदूक दिली. दिसावयास रायफल, मारावयास साधी; लांबवरचा नेम गोऱ्या पलटणींपुरताच राहिला. अशा बंदुका पुढे संस्थानांच्या लोकांकडे उतरल्या. घरात तिला चार पिढ्या 'रायफल' म्हटले गेले, यात घरच्यांचा दोष नाही. ती तशीच दिसावी अशीच केलेली आहे.

आता दस्ता. बाहेरून पाहण्याच्या पहिल्या गोष्टी अगदी साध्या. कारखान्यातून निघालेल्या लष्करी बंदुकीत लाकूड हे धातूच्या बरोबरीने किंवा केसभर वरच ठेवलेले असते. पुढे कोणी दस्ता कागदाने घासून 'नवा' केला, की लाकूड खाली जाते आणि टाचेच्या पितळी पट्टीची कड नखाला लागू लागते. भैरवगढच्या बंदुकीत नख कोठेही अडले नाही. दुसरे, झीज. जो हात बंदूक उचलतो तो लाकडाला आणि लोखंडाला एकदमच झिजवतो. कळीची पाटी गुळगुळीत झालेली आणि तिच्या शेजारचे लाकूड कोरे करकरीत, असे दिसले तर दोघांची सोबत अलीकडची समजावी. येथे मुठीची जागा, घोड्याखालची पाटी, चापाचा पितळी कमान-पट्टा ही तिन्ही सारखीच झिजली होती. तिसरे, शिक्के. एन्फील्ड घडणीच्या दस्त्याच्या उजव्या अंगाला कारखान्याचा वाटोळा शिक्का लाकडात दाबलेला असतो. घासलेल्या दस्त्यावर तो पुसट होतो किंवा नाहीसाच होतो. येथे तो तिरकस उजेडात अर्धा वाचता आला.

एवढ्यावर थांबले असते तर 'बहुधा मूळचा' इतकेच म्हणता आले असते. खरी साक्ष आत होती. तीन कडी सैल करून, बुडाच्या शेपटीचे मळसूत्र काढून त्यांनी नळी दस्त्यातून उचलली. नळीची पन्हळ आतून एकसारखी काळसर होती, तेलाचे दीडशे वर्षांचे पाणी तिला चढलेले. नवा दस्ता बाहेरून कितीही रंगवला तरी आतल्या पन्हळीत तो पिवळा किंवा तांबूस राहतो; तेथे रंग लावण्याचा उद्योग फसवणाराही क्वचितच करतो. मग त्यांनी मला नळीच्या बुडाखाली पाहावयास सांगितले. कानशीने पाडलेल्या बारीक रेघा होत्या, तीन तिरक्या आणि एक आडवी. तशाच तीन तिरक्या आणि एक आडवी पन्हळीच्या लाकडात. आणि कळीच्या मळसूत्रांच्या दांड्यांवरही तीच खूण.

याचे कारण असे. त्या काळी एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात यंत्रावर केलेले भाग एकमेकांत बदलता येत. परंतु बर्मिंगहॅमच्या कंत्राटदारांकडे बंदूक हाताने जुळवीत. एकाची नळी दुसऱ्याच्या दस्त्यात बसेलच असा भरवसा नसे. म्हणून जुळवणारा कारागीर प्रत्येक भागावर एकच खूण करी, म्हणजे कडक करण्याच्या वा रंग देण्याच्या कामास भाग वेगवेगळे गेले तरी परत आपल्या जोडीदाराला येऊन मिळत. सतारीच्या खुंट्या आणि त्यांची भोके यांवर आपले कारागीर ठिपके करतात तेच हे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी बर्मिंगहॅमच्या कोणा कारागिराने केलेल्या रेघा शिप्रेकाठी एकमेकींना ओळखीत होत्या. दस्ता मूळचा, यात शंका उरली नाही.

पट्टीचा उलगडा मातोश्रींनी केला. त्यांच्या आजेसासऱ्यांच्या हातून वरातीत बार काढताना बंदूक घोड्यावरून पडली, मूठ तडकली, आणि तांबटाकडून पट्टी ठोकून घेतली. (आज असा हौसेचा बार काढून कोणाचा जीव धोक्यात घातला तर त्याच २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्हीही; हे योग्यच झाले.) पट्टीचे खिळे ओबडधोबड खरे, पण लाकूड कोठे तासलेले नाही. ज्याने ती ठोकली त्याला दस्ता वाचवायचा होता, दडवायचा नव्हता.

मग दुनळीची पाळी आली. यजमानांनी ती मोठ्या अभिमानाने काढली. लाकूड आरशासारखे. हवालदारसाहेबांनी चापाचा पट्टा सोडवला, आणि आत पिवळे, कोरडे लाकूड दिसले. टाचेच्या पट्टीचे एक मळसूत्र नव्या भोकात आणि त्याच्या शेजारी जुन्या मापाची जागा रिकामी. कळीच्या कडेने फट राहिली होती ती लाखेत भुसा कालवून भरलेली. मुठीवरची चौकडीची नक्षी जाडीभरडी. लंडनच्या नामांकित कारागिराच्या हातून असली नक्षी बाहेर पडणे शक्य नाही. पोटाखाली मालकाच्या आद्याक्षरांसाठी असते ती अंडाकृती चकती होती, पण कोरी. आणि लाकूड अक्रोडाचे नव्हे, आपल्याकडचे शिसव. ज्या दुकानाने 'सर्व मूळचे' म्हणून ती विकली त्याचे नाव येथे देण्याचे कारण नाही. यजमान बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलीने चहा आणला तोही तसाच राहिला.

लंडनच्या अशा बंदुकांविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. तेथील काही जुन्या घराण्यांच्या कारखान्यांनी आपल्या वह्या जपल्या आहेत. बंदुकीचा क्रमांक कळवला तर ती कधी, कोणासाठी, कोणत्या मापाची केली हे त्या वहीवरून सांगता येते. वहीतली नळीची लांबी आणि दस्त्याचे माप आपल्या हातातील बंदुकीशी ताडून पाहणे, हा पैसे मोजण्यापूर्वीचा उद्योग आहे, नंतरचा नव्हे.

आता कोणी म्हणेल, दस्ता बदलला तर काय बिघडले? बंदूक हे हत्यार. मोडले की दुरुस्त करायचे, हाच त्याचा धर्म. हे म्हणणे मला निम्मे मान्य आहे. मूळचेपणाचे सोवळे फार कडक पाळू गेलो तर जुन्या बंदुकांपैकी फार थोड्या पंक्तीला बसतील. आपल्या तोड्याच्या बंदुकांचेच घ्या. त्यांत मोल नळीचे. चांगली पोलादी नळी पिढ्यानुपिढ्या चाले. दस्ता फुटला की नवा, त्यावर नळी कातड्याच्या वाद्यांनी वा तारेने आवळून बांधली की झाले. अशा बंदुकीत नळी एका शतकाची आणि दस्ता दुसऱ्या, हेच स्वाभाविक. उलट १८६६ साली इंग्रज सैन्याने घेतलेली स्नायडर पाहा. सुरुवातीच्या स्नायडर म्हणजे जुन्या एन्फील्डच. बुडाशी नळी कापून मागून भरायची सोय बसवली, लाकडाला तेवढ्यापुरती खाच घेतली. त्यामुळे तिचा मूळ दस्ता हा तिच्या खटक्याहून वयाने वडील असतो. कोणी अर्धवट जाणकार लाकडावरचे जुने साल पाहून 'दस्ता दुसऱ्या बंदुकीचा' असा निकाल देईल तर तो सपशेल चुकेल.

१८७१ च्या मार्टिनी-हेन्रीपासून दस्ता दोन तुकड्यांत आला, मागचा वेगळा, पुढचा वेगळा, आणि मागचा आतून एका लांब बोल्टाने आवळलेला. तेव्हापासून अदलाबदल सोपी झाली. पुढची ली-एन्फील्ड तर मागच्या दस्त्याची वेगवेगळी मापेच घेऊन आली, उंच शिपायाला लांब, ठेंगण्याला आखूड. तिच्यात पुढच्या लाकडाखाली, तोंडाजवळ, नळीचाच क्रमांक ठोकलेला असतो. तो जुळतो की नाही हे पाहावे. एक सूचना महत्त्वाची: ज्या घडणीत मागच्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकते, तेथे पुढचे लाकूड आधी उतरवल्यावाचून मागचा दस्ता फिरवू नये. उत्साही मंडळी तो आधी फिरवतात, आणि शंभर वर्षे टिकलेले लाकूड एका झटक्यात उभे चिरते. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने आपल्या बंदुकांच्या पुढच्या लाकडात चापाजवळ एक आडवे मळसूत्र घातले, ते आपल्या लाकडाने व हवेने पडणाऱ्या चिरा थोपवण्यासाठी. ते पाहून 'हे विलायती नमुन्यात नाही, म्हणून बनावट' असे म्हणणारेही भेटतात. ती दुरुस्ती कारखान्याचीच आहे, आणि तिच्यासह तो दस्ता मूळचाच. (तीनशेतीन बोअर खाजगी परवान्यात सहसा बसत नाही, तेव्हा ही तपासणी बहुतेकांना पदार्थसंग्रहालयातच करायला मिळेल.)

तेव्हा मूळचा म्हणजे न बदललेला, एवढाच अर्थ मी घेत नाही. संस्थानच्या शस्त्रागारातील सुताराने शंभर वर्षांपूर्वी सागवानाचा दस्ता बसवला असेल तर तो दस्ता त्या संस्थानचा कागदच आहे. तक्रार आहे ती लपवण्याविषयी. दुरुस्ती ही उघड्या डोळ्यांनी दिसते, तांबटाच्या पट्टीसारखी. सजावट मात्र शिक्के घासते, खिळ्यांची भोके बुजवते, काळा थर खरवडते आणि वर रोगणाचा आरसा चढवते. माझ्या वडिलांचा एक तंबोरा मी एका शहरात दुरुस्तीस दिला होता; काम होते एका सांध्याचे. कारागिराने न विचारता सगळे जुने रोगण खरवडून नवे चढवले. तंबोरा लग्नातल्या नवरीसारखा सजून आला, आणि जव्हारी किती वेळा लावली तरी त्याचा जुना आवाज काही लागला नाही. त्याचेही नाव येथे नको.

बंदुकीचे लाकूड आणि तंबोऱ्याचे लाकूड ही तुलना मी केवळ धंद्याच्या अभिमानाने करीत नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांची आणि सतारींची ख्याती सर्वांस ठाऊक आहे. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ती घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले, हत्यारे यांना धार लावणे, ती नीट राखणे हा त्यांचा पिढीजात धंदा. पेशवाई गेली, फौजा मोडल्या, हत्यारांचे काम सुटले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार यांनी मिरजेत वाद्ये करण्यास आरंभ केला. आज मैफिलीत मागे जुळलेले तंबोरे हे हत्यारे राखणाऱ्या हातांनीच प्रथम घडवले. हत्यारे राखण्याची ती विद्या आपल्या बंदुकांच्या वाट्याला मात्र उरली नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने घरोघरच्या बंदुका परवान्याच्या कागदात बांधल्या गेल्या, आणि गावोगावचे बंदूक दुरुस्त करणारे हळूहळू नाहीसे झाले. आता जो उरला आहे तो फर्निचरला पॉलिश करणारा.

आणि या मुलखात तर बंदुकीची परंपरा काही थोडीथोडकी नव्हे. १७८४ मध्ये महादजींनी द ब्वान्य यास नोकरीस घेऊन कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात आणि बंदुका घडत. एकेक बंदूक दहा रुपयांस पडे असे त्या काळच्या लेखांतून आढळते. जुलै १८०१ मध्ये याच उज्जैनबाहेर यशवंतराव होळकरांनी हेसिंगच्या हाताखालच्या शिंद्यांच्या पलटणी मोडल्या. १८४३ अखेर महाराजपूर आणि पनिहार झाले, पुढच्याच महिन्यातील तहाने ग्वाल्हेरची फौज तोडली गेली. आग्र्याच्या त्या दहा रुपयांच्या बंदुकांपैकी एखादीचा दस्ता जर कोठे माळ्यावर शिल्लक असेल, तर तो पॉलिशवाल्याच्या हाती जाण्यापूर्वी कोणी पाहावा, एवढी माझी इच्छा आहे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात १९६४ पासून पदार्थसंग्रहालय आहे, कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात आहे, पुण्यास केळकर संग्रहालय आहे. तेथे जाणाऱ्या प्रेक्षकाला बंदुकीखालच्या पाटीवर नळीचे साल आणि देश याबरोबरच 'दस्ता मूळचा', 'दस्ता मागाहूनचा', 'मुठीला जुनी दुरुस्ती' असे तीन शब्द वाचावयास मिळाले तर तो पुढच्या वेळी आपल्या घरची बंदूक निराळ्या नजरेने पाहील. खर्च काहीच नाही. एकदा कडी सोडवून आत पाहण्याचे श्रम.

परदेशात या गोष्टीला किती मोल आले आहे त्याचे उदाहरण शेजारच्या नेपाळचे आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात साठलेल्या हजारो जुन्या बंदुका २००३ साली अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा विकत घेतल्या. त्यांत ब्रन्सविक होत्या, एन्फील्ड घडणीच्या होत्या, नेपाळातच हाताने घडलेल्या होत्या. पुष्कळांचे दस्ते किडलेले. तरी त्यांतल्या कित्येक, चिकट काळ्या थरासकट, न पुसताच विकायला ठेवल्या गेल्या, आणि त्या तशाच हव्यात म्हणणारे गिऱ्हाईक निघाले. आपल्याकडे तोच थर काढण्यासाठी आपण पदरचे पैसे देतो!

कायद्याची एक बाजू सांगणे उरले. फार जुन्या, पुराण-मोलाच्या बंदुकीला परवाना लागत नाही असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. १९५९ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमातील सवलत ही जे हत्यार दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशाच हत्याराला आहे. भैरवगढची टोपीची बंदूक नळीने धड आहे. ती या सवलतीत बसत नाही. बसवायची तर नळीला भोक पाडून ती कायमची निकामी करावी लागेल, आणि तशी सूचना एका हितचिंतकाने केलीही. मातोश्री म्हणाल्या, "तिला लंगडी करून घरात ठेवण्यापेक्षा देवापुढं ठेवून या." त्यावर पुढे बोलण्यासारखे कोणाजवळ काही उरले नाही.

यजमानांनी शेवटी आजोबांच्या दोन्ही बंदुका स्वतःच्या परवान्यावर घेण्याचा अर्ज केला आणि दुनळी, दस्ता बदललेला आहे हे लिहून देऊन, परवानेदार व्यापाऱ्यामार्फत कायदेशीरपणे विकली. पैसे घेतले त्याच्या निम्मे आले. अर्जासोबत टोपीच्या बंदुकीचे वर्णन जोडले आहे: लांबी, कळीच्या पाटीवरचा मुकुट आणि 'टॉवर' हा शब्द, दस्त्यावरचा अर्धा शिक्का, रेघांची खूण, मुठीची पट्टी आणि तिचे सहा खिळे. त्याची एक प्रत बंदुकीच्या पिशवीत, एक घरच्या दफ्तरात. छायाचित्रे मुलीने काढली. दस्त्याला कोरड्या मऊ फडक्याखेरीज काही लावायचे नाही, नळी आणि कळ यांना तेलाचा हलका हात, तोही लाकडात न उतरेल इतका, आणि पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवायची नाही, एवढ्याच सूचना हवालदारसाहेबांनी दिल्या. जुनी मळसूत्रे झिजली आहेत, ती बदलू नका, हेही दोनदा बजावले.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे, आणि त्यासाठी या पानाच्या वाचकांना माझी विनंती आहे. टाचेची पितळी पट्टी काढली तेव्हा तिच्याखालच्या लाकडात चाकूने कोरलेले, मोडी वळणाचे 'पा' असे एक अक्षर आणि पुढे ४७ हा आकडा निघाला. हे बर्मिंगहॅमचे नव्हे, इकडचे. पागेचा 'पा' असेल, पायदळाचा असेल, किंवा एखाद्या सरदाराच्या पथकाचा. उज्जैन सुभ्याच्या हत्यारांच्या याद्या जुन्या कारकुनी घरांच्या मोडी दफ्तरांतून असण्याचा संभव आहे. १८६० ते १८९० या सुमाराची अशी यादी कोणाच्या पेटीत असेल, तर तिच्यात अक्षर आणि आकडा अशी नोंद आहे काय, एवढे पाहून या दैनिकाच्या पत्त्यावर कळवावे. कागद पाठवण्याची गरज नाही. मोडी वाचणाऱ्याला घेऊन मी स्वतः येईन.